गावामागे दोन मते : सांगोला मतदारसंघाची साठ वर्षे

वाचकहो, निवडणूक जवळ आली की पारावर एक वाक्य हमखास कानावर पडते. "आपल्या एका मतानं काय होतंय?" बोलणारा माणूस काही आळशी नसतो. त्या दिवशी त्याची पेरणी निघालेली असते, नाही तर रात्रीच्या लाइटीवर बागेला पाणी देऊन तो नुकताच घरी आलेला असतो. पण असे बोलणाऱ्या प्रत्येकाला सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला विधानसभा मतदारसंघाचा हिशोब एकदा समजावून सांगितला पाहिजे.

१९९५ साली या मतदारसंघाचा निकाल १९२ मतांनी लागला. २०१९ साली ७६८ मतांनी लागला. आता सांगोला तालुक्यात गावे आहेत शंभराच्या वर. १९२ ला शंभराने भागा. गावामागे दोन मतेसुद्धा येत नाहीत. एका घरातले नवरा-बायको बाजाराला गेले आणि येताना एसटी चुकली, एवढाच फरक! तेवढ्यावर तालुक्याचा आमदार बदलला आणि तीन दशकांची घडी मोडली.

बरे, हा काही रोज आमदार बदलणारा मतदारसंघ नाही. उलट आहे. याच सांगोल्याने एका माणसाला अकरा वेळा विधानसभेत पाठवले. इतकी पक्की निष्ठा आणि इतके निसटते निकाल एकाच मातीत कसे उगवले, हे आपण गावात राहणाऱ्यांनी नीट समजून घेण्यासारखे आहे.

मुलूख कोरडा, माणूस चिवट

सांगोला म्हणजे माणदेशाचा मुलूख. पश्चिमेला सांगली जिल्ह्यातली आटपाडी, दक्षिणेला जत, उत्तरेला पंढरपूर आणि पूर्वेला मंगळवेढा. मधून माण नदी जाते, पण वर्षातला बराच काळ तिच्यात वाळूच दिसते. पावसाळी ढग सह्याद्रीवरच मोकळे होतात आणि इकडे येईस्तोवर त्यांच्यात फारसे काही उरत नाही. म्हणून इथे पूर्वीपासून रब्बीची ज्वारी, शेरडं-मेंढरं आणि खिलार जनावरे यांच्यावरच संसार चालले. सांगोल्याचा जनावरांचा बाजार लांबलांबच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे.

पुढे याच माळावर डाळिंब आले. शेततळी झाली, ठिबक आले. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. मग खोडकिडीने बागांच्या बागा बसवल्या, हेही आपण पाहिले. सांगायचे एवढेच, की इथे राजकारणाचा विषय कुठूनही काढा, तो फिरून पाण्यावरच येतो. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, सभेत पहिला प्रश्न ठरलेला. "पाणी कधी येणार, ते सांगा आधी."

१९६२ : काँग्रेसच्या राज्यात लाल बावटा

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झाले. राज्याची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली लागली. तेव्हा जागा होत्या २६४ आणि त्यांतल्या २१५ एकट्या काँग्रेसने घेतल्या. काँग्रेसचे तिकीट म्हणजे आमदारकीची सनद, असे ते दिवस होते.

अशा वेळी सांगोल्याने शेतकरी कामगार पक्षाचा उमेदवार निवडून दिला. ॲड. गणपतराव देशमुख. जन्म १९२६ चा, गाव मोहोळ तालुक्यातले पेनूर. शिकून वकील झाले आणि सांगोल्यात वकिली करू लागले. म्हणजे मूळ तालुक्याबाहेरचे. पाठीशी साखर कारखाना नाही, सरंजामी वाडा नाही. पक्ष तर विरोधातला. त्या वर्षी शेकापचे राज्यभरात १५ आमदार आले, त्यांतले ते एक.

१९६७ ला ते पुन्हा आले. त्या निवडणुकीत शेकापच्या जागा १९ झाल्या. १९६२ पासून पाहिले तर पक्षाचा तो सर्वांत मोठा आकडा. त्यानंतर पक्षाला तेवढी मजल पुन्हा मारता आली नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिचा संबंध पुढे येणार आहे.

बहात्तरचा धक्का आणि चौऱ्याहत्तरची परतफेड

१९७२ साली देशभर इंदिरा गांधींची लाट होती. बांगलादेश युद्ध नुकतेच जिंकले होते. महाराष्ट्रात २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला गेल्या आणि शेकाप सातावर आला. या लाटेत सांगोलाही वाहून गेला. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले आणि गणपतराव पडले.

तेच साल मोठ्या दुष्काळाचे. खडी फोडायची कामे, सुकडी, लाल मिलो हे शब्द जुन्या माणसांच्या तोंडून आजही ऐकायला मिळतात. रोजगार हमीची कल्पना राज्यभर पसरली ती याच दुष्काळात. सांगोल्यासारख्या तालुक्यात त्या कामांवर किती चुली पेटल्या, याची मोजदाद करता येणार नाही.

काकासाहेबांचे मुदतीतच निधन झाले आणि १९७४ साली पोटनिवडणूक लागली. पोटनिवडणुकीत सरकार सगळे बळ लावते, हा आपला नेहमीचा अनुभव. तरीही सांगोल्याने गणपतरावांना परत आणले. लाटेत गेलेले मत दोन वर्षांत माघारी फिरले, ते थेट १९९५ पर्यंत टिकले.

राज्याचा वारा एकीकडे, सांगोला दुसरीकडे

पुढचे आकडे ओळीने वाचा, म्हणजे या मतदारसंघाचा स्वभाव कळेल.

१९७८ : जनता पक्ष ९९ आणि दोन्ही काँग्रेस मिळून १३१. सांगोला शेकापकडे.

१९८० : इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६. सांगोला शेकापकडे.

१९८५ : काँग्रेसला १६१. सांगोला शेकापकडे.

१९९० : काँग्रेसला १४१ आणि शिवसेना-भाजप युतीचा जोर सुरू. सांगोला शेकापकडेच.

मुंबईत सरकार कुणाचे येणार, याकडे पाहून सांगोल्याने मत टाकले नाही. त्यांना दिसत होता तो गावात येणारा माणूस. गणपतराव एसटीने फिरत, हे त्या भागात सगळ्यांना माहीत. आमदार आपल्या शेजारच्या सीटवर बसलेला असला की त्याला भेटायला चिठ्ठी लागत नाही, मधला माणूसही लागत नाही.

मात्र ते विरोधी बाकावर नुसते बसून राहिले, असे कुणी समजू नये. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद सरकारात मंत्री झाले. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले आणि लगेच झालेल्या निवडणुकीत पुन्हा काँग्रेसची लाट आली. मंत्रिपद गेलेला माणूस अशा वेळी पडतो, असा साधारण नियम आहे. सांगोल्याने तो मानला नाही.

तालुक्यात शेतकरी सहकारी सूत गिरणी उभी राहिली. शिरभावीच्या प्रादेशिक योजनेतून ८१ गावांना नळाने पिण्याचे पाणी देण्याचे काम झाले. ज्या बाईच्या डोक्यावरची घागर उतरली, ती पक्षाचा जाहीरनामा वाचत बसत नाही. तिने घागर उतरवणारा माणूस लक्षात ठेवला.

१९९५ : एकशे ब्याण्णव

१९९५ ची निवडणूक राज्यात मोठी उलथापालथ करणारी ठरली. काँग्रेस ८० वर आली. शिवसेना ७३ आणि भाजप ६५ मिळून पहिले युतीचे सरकार आले. अपक्षांचे पीक तर असे आले की सरकार बनवायला त्यांच्या दारी जावे लागले.

राज्य काँग्रेसपासून लांब जात असताना सांगोल्याने काय केले? इथे नेमका काँग्रेसचा उमेदवार निवडून आला! चिकमहूदचे शहाजीबापू पाटील. मताधिक्य १९२. राज्याच्या उलट जायची खोड याही वेळी सुटली नाही, फक्त यंदा तिचा फटका गणपतरावांना बसला.

आता हा आकडा जरा उलटापालटा करून पाहा. १९२ चा फरक फिरवायला १९२ माणसे लागत नाहीत. एका बाजूची ९७ मते दुसऱ्या बाजूला गेली असती, तर निकाल पालटला असता. ९७ मते म्हणजे एखाद्या वाडीवरची पंधरा-वीस घरे.

त्या काळात मतदान कागदी पत्रिकेवर असे, शिक्का मारून. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला की मत बाद होई. घडी चुकीची घातली आणि शाई दुसऱ्या चिन्हावर उमटली की मोजणीच्या टेबलावर वाद सुरू. म्हाताऱ्या माणसांना शिक्का कसा मारायचा हे शिकवण्यात कार्यकर्त्यांचे आठ-आठ दिवस जात. ते कशासाठी, ते असा निकाल लागला म्हणजे समजते. यंत्रे आली आणि बाद मतांची भीती बहुतेक संपली. पण घरीच राहिलेल्या मताचे काय? त्यावर अजून कुठले यंत्र निघालेले नाही.

याच काळात पाण्याच्या प्रश्नानेही वळण घेतले. कृष्णा खोऱ्यातल्या १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडीला भरू लागली होती. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही तिची पुढची माणसे. मागणी सरळ होती. पाणी समन्यायी वाटा, दुष्काळी गावातल्या प्रत्येक कुटुंबाला त्याचा हिस्सा द्या. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ झाले आणि टेंभू योजनेला मान्यता मिळाली. आमदारकी नसतानाही गणपतराव या चळवळीत होते. चळवळ आमदारकीवर अवलंबून ठेवली नाही, म्हणून आमदारकी परत मिळायला वाट उरली.

चार वर्षांनी फेड, आणि मग विक्रम

१९९९ ला विधानसभा मुदतीआधी विसर्जित झाली आणि लोकसभेबरोबरच निवडणूक लागली. तोवर काँग्रेस फुटून राष्ट्रवादी काँग्रेस जन्मली होती. गणपतराव पुन्हा निवडून आले. विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळात पुन्हा मंत्रीही झाले. नंतर २००४, २००९ आणि २०१४.

२०१४ ला त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी. देशात मोदी लाट, राज्यात भाजपच्या १२२ जागा. समोर तेच जुने प्रतिस्पर्धी शहाजीबापू, आता शिवसेनेच्या तिकिटावर. निकाल लागला पंचवीस हजारांवर मताधिक्याने, गणपतरावांच्या बाजूने.

आता कातरण कापून ठेवणाऱ्यांसाठी एक छोटी चौकट.

गणपतरावांच्या लढती : १३
विजय : ११ (१९६२, १९६७, १९७४ पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४)
पराभव : २ (१९७२, १९९५)
पक्ष : पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच

हा देशातला विक्रम, असे बऱ्याचदा छापून येते. तेवढे दुरुस्त करून घ्या. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी १३ वेळा निवडून आले होते. पण महाराष्ट्रात एका मतदारसंघातून अकरा वेळा निवडून येणारा दुसरा कुणी नाही, आणि त्यातही एकच पक्ष, एकच झेंडा.

इथे मघाची गोष्ट जोडून घ्या. १९६७ ला शेकापच्या जागा १९ होत्या. १९९० ला ८, १९९५ ला ६, १९९९ ला ५, २००४ ला २. रायगड-सोलापूरपासून मराठवाड्यापर्यंत एकेक बुरूज ढासळत गेला. पक्ष आटत गेला आणि सांगोला मात्र टिकला. विहिरी आटत जाव्यात आणि मळ्यातल्या एकाच विहिरीचा झरा जिवंत राहावा, तसे झाले. लोकांनी हा झरा राखला, कारण त्यांना तो पक्षाचा न वाटता घरचा वाटत होता. पण अशा झऱ्याला धोकाही असतोच. माणूस गेला की काय?

२०१९ : सातशे अडुसष्ट

तो प्रश्न २०१९ ला समोर आला. वयामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत. शेकापकडून त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख, समोर शिवसेनेकडून शहाजीबापू पाटील.

शहाजीबापूंना मते पडली ९९ हजार ४६४. डॉ. अनिकेत यांना ९८ हजार ६९६. फरक ७६८. जवळजवळ दोन लाख मतांत हजारी चार मतांचाही फरक नाही. १९९५ नंतर पुन्हा विधानसभेत जायला शहाजीबापूंना चोवीस वर्षे लागली होती. या माणसाच्या चिकाटीलाही दाद दिली पाहिजे. निवडणुका हरत गेले, पण मतदारसंघ सोडून गेले नाहीत. सांगोल्याची कहाणी एकट्या गणपतरावांची नाही. पडून पुन्हा उभे राहणाऱ्या दोघांची आहे.

३० जुलै २०२१ ला गणपतरावांचे सोलापुरात निधन झाले. वय चौऱ्याण्णव.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. शहाजीबापू एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गुवाहाटीला गेले आणि तिथून त्यांनी फोनवर केलेले झाडी-डोंगार-हाटीलचे वर्णन साऱ्या महाराष्ट्राला पाठ झाले. सांगोल्याचे नाव घरोघरी पोचले. पण मत पोचते ते वेगळ्या वाटेने. २०२४ ला राज्यात महायुतीने सव्वादोनशेच्या वर जागा घेतल्या. अशा लाटेत सांगोल्यात तिरंगी सामना झाला. शिंदे यांच्या शिवसेनेकडून शहाजीबापू, ठाकरे यांच्या शिवसेनेकडून जवळ्याच्या साळुंखे-पाटील घराण्यातले दीपकआबा, आणि शेकापकडून गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. जिंकले डॉ. बाबासाहेब, पंचवीस हजारांच्या वर मताधिक्याने. त्या निवडणुकीत शेकापचा राज्यात निवडून आलेला हा एकमेव आमदार.

पुन्हा तेच! वारा एकीकडे, सांगोला दुसरीकडे.

विरोधातला आमदार परवडतो का?

आता खरा प्रश्न. तो सांगोल्यापुरता नाही, तुमच्या-माझ्या गावाचाही आहे.

एक बाजू म्हणते, "विरोधातला आमदार देऊन काय मिळतं? निधी सत्तेकडं जातो. सत्तेतला माणूस असता तर पाणी दहा वर्षं आधी आलं असतं." या बोलण्यात काही तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. साठ वर्षांत सांगोल्याने बहुतेक काळ विरोधी बाकावरचा आमदार दिला आणि पाण्याची वाट पाहण्यातही साठ वर्षे घातली. टेंभूचे पाणी, म्हैसाळचे पाणी, नीरा उजव्या कालव्याचे शेवटच्या टोकाला येणारे पाणी, उजनीवरची उपसा योजना, या सगळ्यांची नावे तालुक्याने आधी कागदावर वाचली आणि पाणी कितीतरी उशिरा पाहिले. टेलच्या शेतकऱ्याचे दुःख टेलचाच शेतकरी जाणे.

दुसरी बाजू म्हणते, "सत्तेतल्या आमदारांच्या दुष्काळी तालुक्यांत तरी पाणी लवकर आलं का? तिथंही कालवे अर्धवटच राहिले ना? निदान आमचा माणूस आमचं म्हणणं मांडत होता." हेही खोटे नाही. कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांत सगळ्या पक्षांचे आमदार होऊन गेले. पाणी पुढे सरकले ते परिषदा, मोर्चे आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा यांनी, आणि त्या रेट्यापुढे सरकारला पैसा सोडावा लागला म्हणून. म्हणजे सत्ता लागलीच, पण रेटाही लागला.

या दोन बाजूंचा निवाडा सांगोल्याच्या मतदाराने कसा केला? त्याने एकच एक उत्तर कधी दिले नाही. १९७२ ला, १९९५ ला, २०१९ ला त्याने दुसरी बाजू आजमावून पाहिली. १९७४ ला, १९९९ ला, २०२४ ला पुन्हा मागे फिरला. निष्ठा ठेवली, पण डोळे झाकून नाही. अकरा वेळा निवडून दिलेल्या माणसालाही दोनदा घरी बसवायची धमक या मतदाराने दाखवली. आमच्या मते या साठ वर्षांचे सार यातच आहे. आपला आमदार कायमचा नाही, हे ज्या आमदाराला ठाऊक असते, तोच एसटीत तुमच्या शेजारी येऊन बसतो.

तुमच्या गावाचे काय?

सांगोल्याचा धडा आपल्या शिवारात आणायचा, तर भाषणांपेक्षा मतदार यादीपासून सुरुवात करावी. १९२ काय नि ७६८ काय, अशा फरकाचा निकाल प्रचाराच्या शेवटच्या सभेत ठरतो, असे आपल्याला वाटते. बऱ्याच वेळा तो कितीतरी महिने आधी ठरलेला असतो, यादीत कुणाचे नाव आहे आणि कुणाचे नाही यावर.

घरात अठरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी असेल तर नमुना ६ भरा. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरत. आता वर्षात चार तारखा धरतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. म्हणजे मुलाला मतदार व्हायला वर्षभर थांबायचे कारण उरलेले नाही.

लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत राहते आणि सासरी चढत नाही, ही गावोगावची तक्रार. त्यासाठी नमुना ८ आहे. नावातली, वयातली चूकही त्यावरच दुरुस्त होते. मयत माणसाचे किंवा दुबार नाव कमी करायचे तर नमुना ७. बीएलओ आपल्याच गावातला असतो, बहुतेक करून शाळेचे गुरुजी नाही तर अंगणवाडीताई. त्यांना गाठा. नाही जमले तर १९५० या क्रमांकावर फोन लावा.

आणि एक ध्यानात घ्या. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्या याद्या याच विधानसभेच्या यादीवरून पाडल्या जातात. इथे नाव चुकले की सगळीकडे चुकले.

तलाठीभाऊसाहेब, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि गुरुजी यांनाही दोन शब्द. यादीच्या पुनरीक्षणाचे काम तुमच्या इतर दहा कामांवर अकरावे म्हणून येऊन पडते, हे आम्हाला दिसते. त्यात नवीन पदनामे आली तरी कामाचे ओझे तेच राहिले. तरीही ग्रामसभेत यादीचे चावडी वाचन केले, तर मयत नावे, दुबार नावे आणि राहून गेलेली नावे लोकच उभे राहून सांगतात. तासाभराचे काम आहे. ते झाले नाही, की मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दारात होणारी भांडणे पुन्हा तुमच्याच डोक्यावर येतात.

पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या मंडळींनी ठरवून टाकावे, नाव गावात ठेवायचे की तिकडे. दोन्हीकडे ठेवणे कायद्याने चालत नाही, आणि कुठेच नसणे आपल्याला परवडत नाही.

हंगामाची एक अडचण मात्र खरी आहे. पूर्वी विधानसभेची निवडणूक बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये येई, ज्वारी काढणीच्या दिवसांत. १९९९ पासून ती सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये येऊ लागली, म्हणजे रब्बीची पेरणी आणि डाळिंबाचा हस्त बहार यांच्या ऐन धांदलीत. आधी सुगी आडवी यायची, आता पेरणी येते. मतदान सकाळी सातला सुरू होते. मोटार चालू करायच्या आधी केंद्रावर जाऊन या, मग दिवस तुमचाच.

शेवटी कायद्यातली एक तरतूद सांगतो. दोन उमेदवारांना अगदी सारखी मते पडली तर निकाल चिठ्ठी टाकून लावतात. ग्रामपंचायतीत हे आपण पाहिलेले आहे. विधानसभेलाही नियम तोच. १९९५ ला सांगोला त्या चिठ्ठीपासून गावामागे दोन मतांच्या अंतरावर होता. पाच वर्षांचा कारभार चिठ्ठीच्या भरवशावर सोडायचा नसेल, तर यादी उघडा आणि आपल्या घरातली नावे मोजा.